मत्स्यशोधक

मत्स्यशोधक किंवा फिश फाइंडर हे पाण्यात ध्वनिस्पंद सोडून, त्यांच्या परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून पाण्याची खोली, तळाचे स्वरूप आणि मधल्या पाण्यातील माशांचे अस्तित्व दाखवणारे उपकरण आहे. हा सोनार तंत्रज्ञानाचा एक प्रकार असून त्याचा विकास प्रतिध्वनी-खोलीमापकापासून झाला. मोठ्या मासेमारी जहाजांप्रमाणेच दोन-तीन माणसांच्या होडीवरही त्याचा वापर होतो. लहान नौकेवरील मत्स्यशोधकाचे तीन मुख्य भाग असतात : पाण्यात ध्वनी सोडणारा व ग्रहण करणारा ट्रान्सड्यूसर, प्रतिध्वनींवर प्रक्रिया करणारा पडद्यासह मुख्य संच आणि वीजपुरवठा करणारी बॅटरी.

मत्स्यशोधकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र हे पाण्याखालील छायाचित्र नसते. नौकेच्या खालून एकामागून एक परत आलेल्या प्रतिध्वनींची ती कालक्रमाने मांडलेली नोंद असते. हा फरक लक्षात न घेतल्यास माशांचा आकार, त्यांची नेमकी जागा आणि नौकेच्या पुढील पाण्याची खोली या तिन्ही बाबतींत चुकीचे निष्कर्ष काढले जातात.

इतिहास

पाण्यातील ध्वनीचा वेग मोजण्याचा प्रसिद्ध प्रयोग १८२६ साली जिनिव्हा सरोवरात झाला. झां-दानिएल कोलादाँ आणि चार्ल्स स्टुर्म यांनी पाण्याखाली घंटा वाजवून काढलेला वेग सेकंदाला सुमारे १,४३५ मीटर होता. आधुनिक मापनाच्या तो अगदी जवळ आहे. १९१२ मधील टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर पाण्याखालील अडथळे ध्वनीने ओळखण्याच्या प्रयत्नांना वेग आला. जर्मनीत अलेक्झांडर बेम यांनी १९१३ मध्ये प्रतिध्वनीने खोली मोजण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले, तर रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी १९१४ मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगावरून परतलेला प्रतिध्वनी टिपला. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्‌झच्या दाबविद्युत गुणधर्माचा उपयोग करून श्राव्यातीत ध्वनी निर्माण करणारे साधन बनवले. आजच्या ट्रान्सड्यूसरचे मूळ याच साधनात आहे.

खोलीमापकांच्या नोंदींत तळाच्या वर अधूनमधून उमटणाऱ्या खुणा सुरुवातीला त्रुटी समजल्या जात. नॉर्वेचे ऑस्कर सुंद यांनी लोफोटेन परिसरातील कॉड माशांच्या थव्यांची प्रतिध्वनी-नोंद १९३५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. मासळीच्या अभ्यासासाठी या पद्धतीचा उपयोग होऊ शकतो, हे तिने दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, जपानमधील नागासाकी येथे फुरुनो बंधूंनी मासेमारीसाठी व्यावहारिक मत्स्यशोधक बाजारात आणला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ट्रान्झिस्टरमुळे लहान, बॅटरीवर चालणारी उपकरणे शक्य झाली आणि मत्स्यशोधक छोट्या होड्यांपर्यंत पोहोचला. फिरत्या दिव्याचे दर्शक आणि कागदावर रेघ काढणारे नोंदक यांची जागा पुढे द्रवस्फटिक पडद्यांनी घेतली.

कार्यतत्त्व

ट्रान्सड्यूसरमध्ये दाबविद्युत पदार्थाची चकती असते. विद्युत स्पंद दिला की ती कंप पावून पाण्यात ध्वनी सोडते आणि परतलेला ध्वनी तिच्यावर आदळला की तिच्यात सूक्ष्म विद्युत दाब निर्माण होतो. एकच चकती बोलण्याचे व ऐकण्याचे काम आळीपाळीने करते.

समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. ध्वनी तळापर्यंत जाऊन परत येतो, म्हणून वेग आणि वेळ यांच्या गुणाकाराच्या निम्मी संख्या ही खोली होय. ३० मीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत येण्यास सुमारे ०.०४ सेकंद लागतो. ध्वनीचा वेग पाण्याचे तापमान, क्षारता आणि दाब यांनुसार बदलतो. उष्ण व खारट अरबी समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तो १,५०० पेक्षा काहीसा अधिक, तर थंड गोड्या पाण्यात कमी असतो. त्यामुळे १,५०० मीटर हा वेग धरून चालणारे उपकरण उष्ण समुद्रात खोली किंचित कमी आणि थंड तलावात किंचित जास्त दाखवते. बऱ्याच उपकरणांत खाऱ्या आणि गोड्या पाण्यासाठी स्वतंत्र पर्याय असतो.

ध्वनी एका माध्यमातून वेगळ्या घनतेच्या माध्यमात शिरताना परावर्तित होतो. पाणी आणि हवा यांच्यातील फरक फार मोठा असल्याने हवेचा लहानसा फुगाही जोरदार प्रतिध्वनी देतो. मासे सापडतात ते मुख्यतः याच कारणामुळे. माशाचे मांस पाण्याशी बरेचसे मिळतेजुळते असते, मात्र अनेक माशांच्या शरीरात वायूने भरलेली पिशवी म्हणजे वाताशय असतो. अशा माशाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीचा बहुतांश भाग वाताशयातून येतो.

वारंवारता आणि ध्वनिशंकू

लहान नौकांवर प्रामुख्याने ५० आणि २०० किलोहर्ट्‌झ या वारंवारता वापरल्या जातात. समुद्रात २०० किलोहर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७.५ मिलिमीटर, तर ५० किलोहर्ट्‌झची सुमारे ३ सेंटिमीटर असते. उच्च वारंवारतेने बारकावे चांगले दिसतात, पण पाण्यात तिचे शोषण लवकर होते. म्हणून उथळ पाण्यासाठी २०० आणि खोल पाण्यासाठी ५० किलोहर्ट्‌झ हा सर्वसाधारण संकेत आहे.

ट्रान्सड्यूसरमधून निघालेला ध्वनी शंकूच्या आकारात पसरतो. शंकूचा कोन चकतीचा व्यास व वारंवारता यांवर अवलंबून असतो. २० अंशांच्या शंकूने ३० मीटर खोलीवर सुमारे साडेदहा मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापले जाते. ४० अंशांच्या शंकूसाठी हाच व्यास सुमारे बावीस मीटर होतो. या वर्तुळात कोठेही असलेला मासा पडद्यावर 'खाली' दिसतो. तो नौकेच्या डावीकडे आहे की उजवीकडे, हे एका शंकूच्या साध्या उपकरणावरून कळत नाही.

स्पंदाचा कालावधी हाही महत्त्वाचा घटक आहे. ०.१ मिलिसेकंदाच्या स्पंदाने एकावर एक असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यात किमान साडेसात सेंटिमीटर अंतर लागते. ०.५ मिलिसेकंदाच्या स्पंदासाठी हे अंतर सुमारे साडेसदतीस सेंटिमीटर होते. चर्प पद्धतीच्या उपकरणांत एकाच वारंवारतेऐवजी वारंवारतांचा सलग पट्टा सोडला जातो. त्यामुळे दीर्घ स्पंदाची ताकद आणि लघु स्पंदाचा बारकावा या दोहोंचा लाभ मिळतो.

लहान नौकेवरील बसवणी

मत्स्यशोधकाच्या कामगिरीवर ट्रान्सड्यूसरच्या जागेचा मोठा परिणाम होतो. तो साधारणतः तीन प्रकारे बसवला जातो : नौकेच्या पिछाडीच्या फळीवर बाहेरून, तळाला छिद्र पाडून आरपार, किंवा तळाच्या आतल्या बाजूस चिकटवून. शेवटचा प्रकार एकसंध फायबरच्या तळाला चालतो. लाकडी किंवा मध्ये फोम असलेल्या तळातून ध्वनी नीट जात नाही. चिकटवताना मध्ये हवेचे बुडबुडे राहिले तरीही संवेदनक्षमता घटते.

पिछाडीवरील ट्रान्सड्यूसर पंख्यापासून दूर आणि तळावरून पाणी अखंड वाहते अशा जागी बसवला जातो. तळावरील पट्ट्या, खिळे किंवा पाण्याची तोंडे यांच्या मागे तो असल्यास फेसाळ पाणी त्याच्यावरून जाते आणि वेग वाढताच चित्र नाहीसे होते. ट्रान्सड्यूसरचा पृष्ठभाग सरळ खाली रोखलेला असावा लागतो. त्यावर शेवाळ किंवा शिंपले वाढल्यास ध्वनी क्षीण होतो, म्हणून तो नियमितपणे साफ करावा लागतो.

वीजपुरवठा बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीतून फ्यूजसह घेतला जातो. ट्रान्सड्यूसरची तार इंजिनाच्या विद्युत तारांपासून वेगळी नेल्यास पडद्यावरील गोंधळ कमी होतो. जवळच्या नौकेवरील उपकरण त्याच वारंवारतेवर चालू असल्यास पडद्यावर तिरप्या तुटक रेषा दिसतात. त्यांचा माशांशी संबंध नसतो.

पडद्याचे वाचन

पडद्यावरील उभा अक्ष खोली दाखवतो, तर आडवा अक्ष काळ दाखवतो. सर्वांत नवी नोंद उजव्या कडेला उमटते आणि जुन्या नोंदी डावीकडे सरकतात. उजव्या कडेखेरीज उरलेला पडदा म्हणजे होऊन गेलेल्या क्षणांची नोंद होय. नौका नांगरलेली असतानाही चित्र सरकत राहते. अशा वेळी खाली थांबलेला एकच मासा लांब आडव्या रेघेसारखा दिसतो. म्हणून रेघेची लांबी माशाची लांबी दाखवत नाही, तर तो शंकूत किती वेळ होता हे दाखवते.

चालत्या नौकेखालून मासा गेल्यास कधीकधी कमान उमटते. मासा शंकूच्या कडेला असताना ट्रान्सड्यूसरपासूनचे तिरपे अंतर जास्त, बरोबर खाली असताना कमी आणि पुन्हा दुसऱ्या कडेला जास्त असते. मात्र हा फरक फार लहान असतो. १० मीटर खोलीवरील माशासाठी २० अंशांच्या शंकूत तो सुमारे १५ सेंटिमीटर, तर ४० अंशांच्या शंकूत सुमारे ६४ सेंटिमीटर असतो. पडद्याची कक्षा ५० मीटर ठेवलेली असल्यास १५ सेंटिमीटरचा फरक जेमतेम एक-दोन ठिपक्यांचा होतो. कमान दिसली नाही म्हणजे मासे नाहीत, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही. मासा शंकूच्या एकाच कडेने गेल्यास अर्धी कमानही उमटते.

कठीण, खडकाळ तळाचा प्रतिध्वनी तीव्र आणि जाड असतो. उथळ पाण्यात कठीण तळावर दुप्पट खोलीशी दुसरा तळ उमटतो. तळावरून आलेला ध्वनी पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाऊन आल्याची ती खूण असते. चिखलाचा प्रतिध्वनी तुलनेने क्षीण असतो, पण कमी वारंवारतेचा ध्वनी मऊ गाळात शिरत असल्याने तेथे तळाची पट्टी रुंदही दिसू शकते. उष्ण आणि थंड पाण्याच्या सीमेवर, ज्याला थर्मोक्लाइन म्हणतात, तेथे जमलेल्या सूक्ष्म जीवांमुळे पडद्यावर धूसर आडवा पट्टा येतो.

तळाला लागून असलेले मासे बऱ्याचदा दिसत नाहीत. ३० मीटर खोलीच्या सपाट तळावर २० अंशांच्या शंकूच्या कडेला, तळापासून सुमारे ४५ सेंटिमीटरपर्यंतच्या पाण्यातील माशाचा प्रतिध्वनी तळाच्या प्रतिध्वनीत मिसळतो. उतारावर हा अंध पट्टा आणखी वाढतो, कारण शंकूतील सर्वांत उंच भागाचा प्रतिध्वनी आधी पोहोचतो आणि शेजारची घळ झाकली जाते.

नियंत्रणे

* कक्षा : पडद्यावर किती खोलीपर्यंतचे पाणी दाखवायचे ते ठरवते. ती प्रत्यक्ष खोलीपेक्षा थोडीच जास्त ठेवल्यास बारकावे दिसतात.
* गेन : ग्रहण केलेल्या प्रतिध्वनीचे विवर्धन. ते कमी असल्यास लहान मासे दिसत नाहीत, जास्त असल्यास पडदा ठिपक्यांनी भरतो. पडदा किंचित ठिपकेदार होईपर्यंत गेन वाढवून मग थोडे कमी करणे ही रूढ पद्धत आहे.
* पृष्ठभाग-गोंधळ नियंत्रण : लाटा, फेस आणि तरंगणारे जीव यांच्यामुळे वरच्या थरात येणारे प्रतिध्वनी कमी करते. ते जास्त वाढवल्यास पृष्ठभागाजवळचे खरे थवेही पुसले जातात.
* तळ-विस्तार : तळालगतच्या काही मीटरांचा भाग मोठा करून दाखवतो.
* माशांची चिन्हे : प्रतिध्वनींऐवजी माशाच्या आकाराची चित्रे दाखवणारी सोय. तरंगता कचरा, बुडबुडे आणि पाणवनस्पती यांनाही ती मासा ठरवू शकते. अनुभवी वापरकर्ते त्यामुळे मूळ प्रतिध्वनी पाहणे पसंत करतात.

मासळीनुसार प्रतिध्वनीतील फरक

प्रतिध्वनीची तीव्रता माशाच्या वजनापेक्षा वाताशयाचा आकार आणि माशाची पाण्यातील स्थिती यांवर अधिक अवलंबून असते. घोळ, ढोमा यांच्या कुलातील माशांचा वाताशय मोठा असतो. त्यालगतच्या स्नायूंच्या कंपनाने हे मासे आवाजही काढतात. घोळीच्या वाताशयाला कोकण किनाऱ्यावर 'बोत' म्हणतात व त्याला मोठी किंमत मिळते. जो अवयव बाजारात मौल्यवान ठरतो, तोच पाण्यात माशाचा ठावठिकाणाही उघड करतो.

याउलट मुशी आणि पाकट यांसारख्या कूर्चामत्स्यांना वाताशय नसतो. बोंबील ज्या गणात मोडतो त्या गणातील माशांनाही तो नसतो. माकूळ, कोळंबी आणि जवळा यांचीही तीच स्थिती आहे. त्यांचे प्रतिध्वनी क्षीण असतात. दाट थवा असल्यास उच्च वारंवारतेवर तो धुक्यासारखा दिसतो, पण विरळ असल्यास पडदा रिकामा राहतो. साध्या मत्स्यशोधकावरून माशाची जात खात्रीने सांगता येत नाही. थव्याचा आकार, खोली, तळ, ऋतू आणि वेळ यांची सांगड घालून मच्छीमार केवळ अंदाज बांधतात.

नौकानयनातील वापर आणि मर्यादा

लहान नौकेवर मत्स्यशोधक हाच बहुधा एकमेव खोलीमापक असतो. मात्र तो नौकेच्या खालची खोली दाखवतो, पुढची नव्हे. सहा नॉट वेगाने जाणारी नौका सेकंदाला सुमारे तीन मीटर पुढे सरकते. ट्रान्सड्यूसर पिछाडीला असल्यास पडद्यावर खोली कमी झालेली दिसते तेव्हा नौकेची नाळ त्या जागेच्या पुढे गेलेली असते. तळ हळूहळू वर येत असेल तर उपकरण वेळेवर इशारा देते. एकाएकी वर आलेल्या खडपाबाबत तसे होत नाही. अनोळखी पाण्यात वेग कमी ठेवणे आणि नकाशाचा आधार घेणे म्हणून आवश्यक ठरते.

पडद्यावरील आकडा कोणत्या पातळीपासून मोजलेला आहे, हेही ठरवावे लागते. मूळ मोजणी ट्रान्सड्यूसरपासून होते. तो पाण्याच्या पातळीखाली ४० सेंटिमीटर असेल तर पाण्याची खरी खोली तेवढी जास्त असते, आणि नौकेचा सर्वांत खालचा भाग ट्रान्सड्यूसरच्या ३० सेंटिमीटर खाली असेल तर नौकेखालचे मोकळे पाणी तेवढे कमी असते. हा फरक उपकरणात नोंदवण्याची सोय असते. सागरी नकाशांवरील खोली नीचतम ओहोटीच्या जवळपासच्या पातळीवरून दिलेली असते, तर मत्स्यशोधक त्या क्षणाच्या भरती-ओहोटीसह खोली दाखवतो. भारतात असे नकाशे देहरादून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालय प्रसिद्ध करते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील संदर्भ

मुंबईसमोरील समुद्रबूड जमीन रुंद आणि उथळ आहे. पाणी गढूळ असल्याने डोळ्यांनी तळाचा अंदाज येत नाही. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील फरक चार मीटरांहून अधिक होतो. खाड्यांच्या मुखांशी साचणारे वाळूचे दांडे पावसाळ्यानंतर जागा बदलतात. त्यामुळे सकाळी भरतीला बाहेर पडताना दिसलेली खोली संध्याकाळी ओहोटीला परतताना तशीच असेल, असे धरून चालता येत नाही.

मासेमारीतील उपयोग जाळ्यांच्या प्रकारानुसार बदलतो. थव्याभोवती जाळे टाकणाऱ्या नौकांना मत्स्यशोधक थेट उपयोगी पडतो. एका जागी रोवलेल्या डोळ जाळ्याने होणारी बोंबील व जवळ्याची मासेमारी मुख्यतः भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालते. तेथे उधाण आणि भांग यांचे ज्ञान अधिक महत्त्वाचे असते, शिवाय ही मासळी पडद्यावर स्पष्ट उमटत नाही. तारली आणि बांगडा यांचे थवे अनेकदा पृष्ठभागाजवळ असतात. ते अरुंद शंकूतून निसटतात किंवा नौकेच्या चाहुलीने बाजूला होतात.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांनी मोजलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि हरितद्रव्य यांच्या आधारे संभाव्य मत्स्यक्षेत्रांची सूचना देते. ही सूचना समुद्राचा विस्तृत भाग सुचवते, तर मत्स्यशोधक त्या भागात नौकेखालच्या पाण्याची तपासणी करतो. ही दोन्ही साधने परस्परपूरक आहेत.

अन्य प्रकार

पार्श्वदर्शी सोनार नौकेच्या दोन्ही बाजूंना पातळ पंख्याच्या आकाराचे झोत सोडून तळाचे चित्र तयार करते. बुडालेल्या नौका, खडप आणि अडकलेली जाळी शोधण्यासाठी ते उपयुक्त असते. अग्रदर्शी सोनारमध्ये अनेक लहान ट्रान्सड्यूसरांच्या साह्याने पुढील पाण्यातील हालचाल जवळजवळ त्याच क्षणी दिसते. अमेरिकेतील बास मासेमारीच्या काही व्यावसायिक स्पर्धांनी २०२५ च्या हंगामापासून त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या आहेत.

मत्स्यसाठे आणि सागरी जीवांवरील परिणाम

मत्स्यशोधकामुळे शोधाचा वेळ आणि इंधन वाचते. परंतु साठा घटत असतानाही उरलेले थवे सापडत राहिल्याने प्रत्येक फेरीतील मासळी काही काळ भरपूर दिसते आणि ऱ्हास उशिरा लक्षात येतो. कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळ कॉड मासे उरलेल्या क्षेत्रांत एकवटल्याने असेच घडले आणि १९९२ मध्ये तेथील कॉडची मासेमारी बंद करावी लागली. थव्यात पिलांचे प्रमाण किती आहे, हे साधा मत्स्यशोधक सांगत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार निश्चित केला आहे. त्याचे पालन जाळ्याच्या आसाचा आकार आणि मच्छीमाराचा निर्णय यांवरच अवलंबून राहते.

याच तंत्राचा उपयोग साठ्यांच्या मोजणीसाठीही होतो. प्रमाणित सोनारने ठरावीक मार्गांवर सर्वेक्षण करून थव्यांचे एकूण वजन अंदाजले जाते. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने कोचीन येथून चालवलेल्या प्रकल्पात भारताच्या नैऋत्य किनाऱ्यावरील तारली आणि बांगड्याचे असे सर्वेक्षण झाले होते.

बहुतेक मासे काही किलोहर्ट्‌झपलीकडचा ध्वनी ऐकू शकत नाहीत, त्यामुळे मत्स्यशोधकाचा स्पंद त्यांना जाणवत नाही. डॉल्फिनांना मात्र ५० किलोहर्ट्‌झचा ध्वनी स्पष्ट ऐकू येतो. त्यांच्या सान्निध्यात उथळ पाण्यात उच्च वारंवारता वापरणे किंवा गरज नसताना उपकरण बंद ठेवणे हा खबरदारीचा उपाय मानला जातो.

हेही पाहा

* सोनार
* प्रतिध्वनी
* वाताशय
* भरती-ओहोटी
* मासेमारी